पान एकवर बातमी, पान सातवर खुलासा: तुमचे अनुभव सांगा

शाईचा_डाग

बाबांचं कपाट आवरायला घेतलंय. महिनाभर टाळत होतो. खालच्या कप्प्यातल्या एका फायलीत दोन कात्रणं सापडली, टाचणीने एकमेकांना लावलेली. टाचणी गंजलीय, कागदावर तांबडा डाग पडलाय.

पहिलं कात्रण चार कॉलमी. बाबांच्या संस्थेतल्या अफरातफरीची बातमी, आणि त्यात 'मुख्य सूत्रधार' म्हणून बाबांचं नाव. खरा माणूस दुसऱ्या शाखेतला होता. नाव तेच, आडनाव तेच, वडिलांचं नाव वेगळं. ते मधलं नाव कुणी विचारलंच नव्हतं. दुसरं कात्रण बोटाच्या पेराएवढं. खुलासा. सव्वा महिन्याने, पान सातवर, निविदांच्या गर्दीत. मी तेव्हा नववीत होतो. 'अनवधानाने' हा शब्द मी त्या दिवशी शिकलो.

त्या सव्वा महिन्यात फोन वाजला की आई आधी बाबांकडे बघायची आणि मग उचलायची. बाकी लिहीत नाही.

बाबांनी तो पेपर बंद का केला नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं. खुलासा आल्यावर आठवडाभराने ती बातमी देणारा मुलगा घरी आला. पंचविशीचाही नसेल. त्याला कुणी पाठवलं नव्हतं. चप्पल न काढता दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मधलं नाव मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही." तोवर सगळे अनवधानाने म्हणत होते, हा 'मी' म्हणाला. बाबांनी त्याला आत घेतलं. पुढे वीसेक वर्षं त्याच्या नावाची बातमी बाबा आधी वाचायचे, लाल पेन घेऊन. माणसं कमी केली तेव्हा तोही गेला, आणि त्याच महिन्यात आमच्याकडचा पेपर बंद झाला.

तर बातमीवरचा तुमचा विश्वास कधी उडाला? परत बसला का? कसंही लिहा, मुद्देसूद नसलं तरी चालेल.

खिडकीतली

रुमाल टाकून ठेवते, रात्री लिहिते. पोरांची परीक्षा चालू आहे. आईंचं ते फोनचं वाचून गलबललं हो दादा.

खिळेजुळारी

डेस्कवर उभा जन्म गेला, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो. वाचकाला वाटतं, बातमीदाराने लिहिलं तेच छापलं. बातमी त्याची, पण मथळा आमचा, आणि मथळ्याला जागा मोजून. बातमीत 'संशयावरून' असायचं, मथळ्यात ते मावायचं नाही. न मावलेल्या त्या एका शब्दापायी किती घरांत काय झालं असेल, हा विचार निवृत्तीनंतर यायला लागला. तेव्हा वेळ नव्हता.

घाई मोठमोठ्यांना भोवलीय. १९४८ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत शिकागो ट्रिब्यूनने 'ड्यूईकडून ट्रुमन पराभूत' असा मथळा छापला, निवडून आले ट्रुमन. सगळे हसतात, पण कारण कुणी सांगत नाही. तिथल्या जुळाऱ्यांचा संप चालू होता, त्यामुळे अंक नेहमीपेक्षा काही तास आधी छपाईला सोडावा लागायचा. मतं मोजून व्हायच्या आत मथळा द्यायचा होता, मग जुन्याजाणत्या राजकीय बातमीदाराच्या अंदाजावर विसंबले. आम्हीही असेच विसंबायचो.

माझं स्वतःचं पाप म्हणजे निधनवार्तेत फोटोंची अदलाबदल. दुसऱ्या दिवशी 'मयत' स्वतः कचेरीत हजर. संपादकांनी मला त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं. ते गृहस्थ म्हणाले, फोटो तरी बरा निवडायचा होतात.

पळता_भुई

काका 😂😂 फोटो तरी बरा

कोपऱ्यातली_खुर्ची

सगळे विकले गेलेत. मी बातम्या बघणं सोडून दिलंय. झोप सुधारली. संपला अनुभव.

तिरकी_रेघ

@कोपऱ्यातली_खुर्ची बातमीसाठी शेवटचे पैसे कधी मोजले होतेत? सहज विचारतेय. फुकट हवं म्हटल्यावर कुणीतरी दुसरा पैसे भरतो, आणि मग बातमी त्याच्या मनासारखी येते.

कोपऱ्यातली_खुर्ची

पंधरा वर्षं पेपर घेत होतो ताई. पैसे देऊनही पहिल्या पानाऐवजी पूर्ण पान जाहिरातच हातात यायची, खरं पहिलं पान शोधावं लागायचं. तेव्हा हा हिशोब मला नको.

तिरकी_रेघ

हे मान्य. शब्द मागे घेते. अर्धे.

वेशीवरचा_वार्ताहर

नाव देत नाही, समजून घ्या. बारा वर्षं वार्ताहर होतो. पगार नाही, छापून आलेल्या मजकुराच्या सेंटिमीटरवर मानधन. खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर. म्हणजे सकाळी ज्याच्याविरुद्ध बातमी द्यायची, संध्याकाळी त्याच्याच दारात वाढदिवसाची पुरवणी घेऊन उभं राहायचं. पाण्याच्या नव्या टाकीला तडे गेले होते. फोटो काढले, कागद मिळवले, बातमी पाठवली. उत्तर आलं, 'जागा नाही'. त्याच आठवड्यात ठेकेदाराची अर्ध्या पानाची शुभेच्छा छापून आली. जागा होती की.

लोक मला रस्त्यात थांबवून विचारायचे, काय रे, किती मिळाले? मला काहीच मिळालं नव्हतं, पण हे सांगणार कुणाला आणि पटणार कुणाला.

सोडलं. आता दिवसा दुसरं काम करतो. पण पालिकेची सभा चुकवत नाही. पत्रकारांच्या बाकावर हल्ली मी एकटाच असतो, तोही पत्रकार नसलेला. रात्री साध्या भाषेत दोन पानं लिहून ग्रुपवर टाकतो. खाली न चुकता लिहितो की यातलं काय मी डोळ्यांनी पाहिलं, काय कागदावर वाचलं, काय नुसतं ऐकलं आणि कुणाला फोन केल्यावर उचलला नाही. सुरुवातीला लोक म्हणायचे, हे शेपूट कशाला. एकदा शेपूट राहिलं तर सतरा जणांनी विचारलं, आज 'ऐकलेलं' कुठंय?

टाकीवर पुन्हा लिहिलं. तडे बुजवलेत. बुजवलेत म्हणजे वरून रंग दिलाय, तेही लिहिलं.

पळता_भुई

भाऊ यावर वेगळा धागा काढा!! पैशांचं काय करता पण

वेशीवरचा_वार्ताहर

मागितले नाहीत. लाज वाटते. मागितले की पुन्हा कुणाचा तरी होईन, अशी भीतीही आहे. पण असं किती दिवस रेटणार तेही माहीत नाही. बायकोने परवा हाच प्रश्न विचारला, तुमच्यापेक्षा जरा मोठ्या आवाजात.

आकडेमोडे

वेशीवरचे भाऊ, तुमच्या रिकाम्या बाकाची गोष्ट सगळीकडची आहे. अमेरिकेत २००५पासून ३०००हून जास्त वर्तमानपत्रं बंद झाली, बहुतेक छोट्या गावांची साप्ताहिकं. छोट्या जाहिराती इंटरनेटवर फुकट व्हायला लागल्या आणि गल्लीबोळातल्या बातमीचा पगार ज्यातून निघायचा तो झराच आटला. तिथल्या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी पाहिलं की जिथे स्थानिक पेपर बंद पडला तिथल्या पालिकांना कर्ज महाग पडू लागलं. वर बघणारं कुणी उरलं नाही, की पैसे देणाराही व्याज वाढवून मागतो. मी कर्जरोख्यांच्या क्षेत्रात आहे म्हणून हे डोळ्यांत भरलं. एरवी मीही पेपरात कोडंच सोडवतो.

खिडकीतली

आले. एक पेपर झाला, गणित सोपं होतं म्हणे, निकाल लागला की कळेल.

माझं उलट आहे. पेपरने नाही, माझ्याच माणसांनी विश्वास घालवला. घरच्या ग्रुपवर एका मामांनी पुराचा व्हिडिओ टाकला, 'आत्ताचा, आपल्या धरणाचा'. माझे सासरे त्या भागात प्रवासात होते, फोन लागेना. दोन तास मी काय भोगलं ते मलाच माहीत. रात्री भाच्याने त्यातलं एक चित्र इंटरनेटवर टाकून ते मूळ कुठलं ते शोधलं, तर व्हिडिओ सहा वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच देशातला. मामांना सांगितलं तर म्हणाले, "खोटा असेल, पण सावध राहिलेलं बरं."

नंतर ग्रुपवर चारचौघांत त्यांना खोडून काढायला लागले. मामा आणखी हट्टाला पेटले. मग वेगळा फोन करून नुसतं विचारायला लागले, मामा, हे तुम्हाला कुणी पाठवलं? त्यांना कुणी? तिसऱ्या माणसाशी येऊन गाडी थांबते. आता ते स्वतःच कधीकधी लिहितात, 'कुणी पाठवलं माहीत नाही, बघून घ्या.' एवढ्यावर मी खूश आहे.

मधलीसुट्टी

मामा युनिव्हर्सल आहेत का, आमच्याकडेपण आहेत

पळता_भुई

मी स्वतःच मामा आहे. माझ्यावर लिहू नका. 🙏

खिळेजुळारी

खिडकीतली ताई, तिसऱ्या माणसाशी गाडी थांबते हे खासच. आमचे मुख्य उपसंपादक हेच करायचे. 'सूत्रांनी सांगितले' दिसलं की बातमीदाराला बोलावून विचारायचे, सूत्र तिथे उभं होतं की त्यालाही सूत्रांनीच सांगितलं?

तिरकी_रेघ

वर्गात पत्रकारिता शिकवते, म्हणून एक प्रकरण मांडते. वॉशिंग्टन पोस्टने १९८०मध्ये आठ वर्षांच्या हेरॉइनच्या व्यसनी मुलाची कहाणी छापली. १९८१मध्ये तिला पुलित्झर मिळालं. पुरस्कारामुळेच पितळ उघडं पडलं. लेखिका आधी ज्या पेपरात होती, तिथल्या लोकांना तिच्या पदव्यांची छापून आलेली माहिती जुळेना. चौकशी झाली, तेव्हा कळलं की असा मुलगाच नव्हता. पुरस्कार परत केला गेला. मुलं इथपर्यंत ऐकतात आणि 'बघा, सगळे असेच' म्हणतात. मला आवडतं ते पुढचं. पोस्टमध्ये वाचकांच्या तक्रारी बघणारा एक स्वतंत्र माणूस होता, त्याने आपल्याच पेपरात आपल्याच संपादकांची चूक कुठे, कशी झाली ते पानंच्या पानं लिहिलं, आणि ते छापलं गेलं.

आपल्याकडे 'द हिंदू'ने २००६मध्ये असा वाचक-संपादक नेमला. गार्डियनने १९९७मध्ये. न्यूयॉर्क टाइम्सने २००३च्या बनावट बातम्यांच्या प्रकरणानंतर हे पद काढलं आणि २०१७मध्ये गुंडाळलं. आता समाजमाध्यमांवर वाचकच लक्ष ठेवतात, असं कारण दिलं. हे कारण माझ्या गळी उतरलेलं नाही. ओरडणारे हजार असले तरी कचेरीत शिरून 'ती वही दाखव' म्हणायचा अधिकार त्यांतल्या एकालाही नसतो.

आकडेमोडे

डागराव, तुमच्या बाबांच्या नावावरून आठवलं. सॉलोमन नॉर्थप यांच्या गुलामगिरीतून सुटकेची बातमी न्यूयॉर्क टाइम्सने १८५३मध्ये छापली, तीत त्यांचं आडनाव चुकवलं. एकदा मजकुरात, एकदा मथळ्यात, दोन्हीकडे वेगवेगळं. दुरुस्ती छापली २०१४मध्ये. १६१ वर्षांनी.

मधलीसुट्टी

मग सव्वा महिना म्हणजे एक्सप्रेसच 😄 सॉरी दादा

शाईचा_डाग

सॉरी कशाला, बाबांना हे आवडलं असतं. मथळा आणि मजकुरात वेगळी चूक, यावर तर लाल पेन दोनदा चाललं असतं.

हिरवी_बत्ती

मी मोबाइलवर फक्त सूचना वाचतो, उघडत नाही, हे कबूल करतो. २०२४च्या डिसेंबरात ॲपलच्या एआयने बीबीसीच्या बातमीचा सारांश केला की अमक्या खटल्यातल्या आरोपीने स्वतःला गोळी मारून घेतली. बीबीसीने असं काही म्हटलंच नव्हतं. त्यांनी तक्रार केली, जानेवारीत ॲपलने बातम्यांचे सारांश थांबवले. चूक यंत्राची, वर शिक्का बीबीसीचा. आता मला सांगा, अशा वेळी दारात येऊन 'मी विचारलं नाही' कोण म्हणणार?

खिळेजुळारी

काळजाला हात घातलात. यावर रात्री लिहितो, डोळ्यांत थेंब घातलेत, अक्षरं पोहतायत.

पळता_भुई

काका फॉन्ट मोठा होतो सेटिंगमध्ये. डिस्प्ले, मग अक्षर आकार

खिळेजुळारी

केला. आता एका स्क्रीनवर चार शब्द. मथळे लिहायची सवय कामी आली.

कोपऱ्यातली_खुर्ची

वेशीवरचे, तुमच्या त्या दोन पानांत मला घ्या. झोप मोडली तरी चालेल.

वेशीवरचा_वार्ताहर

तुम्ही आमच्या गावचे नाही, आमच्या टाकीचं काय करणार? पण पाठवतो. शेपटासकट.

शाईचा_डाग

सगळ्यांचं वाचलं. बाबांच्या डायरीत त्या बातमीदाराचा नंबर सापडला, काल धीर करून लावला. उचलला. बाबा गेले हे सांगितलं. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग बाबांचं पूर्ण नाव म्हणाले, मधल्या नावासकट, सावकाश. हल्ली शिकवण्या घेतात. येतो म्हणालेत एकदा, कात्रणं बघायला.

निळी_फीत

पहिल्यांदाच लिहितेय, ग्रंथालयात जुनी कागदपत्रं सांभाळते. दादा, ती गंजलेली टाचणी आधी अलगद काढा. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन (लाकडातलाच एक घटक) असतं, उजेड-हवा लागली की तो पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. सपाट, अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा. चांगल्या कागदावर प्रत काढा, स्कॅन करा. आणि लॅमिनेशन अजिबात करू नका. गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की कागद परत मिळत नाही.

शाईचा_डाग

अहो, सकाळीच लॅमिनेशनला देऊन आलोय. निघालो.