शब्दचर्चा: नेपाळची ‘जनजाति’ मराठीत कोण?

पाटीपेन्सिल:
दिवाळी अंकासाठी एक नेपाळी लेख मराठीत आणतेय. लिपी आपलीच, म्हणून बिनधास्त घेतला, आणि नेमका तिथेच पाय घसरतोय. लेखात जागोजागी ‘आदिवासी जनजाति’ येतं. मी ‘आदिवासी जमाती’ लिहून मोकळी झाले. संपादकांचा निरोप आला: नेवार आदिवासी कसे? काठमांडूतले पिढीजात व्यापारी, कारागीर, स्वतःची लिपी असलेले लोक! शोधलं तर 2002 च्या तिथल्या कायद्यात 59 समूहांची यादी आहे. शेर्पा, लिंबू, मगर, थारू यांच्याबरोबर नेवारही त्यात आहेत. म्हणजे लेखक बरोबर, माझा शब्द चुकतोय. काय वापरू?

भरदुपारी:
जनजातीच ठेवा की. पेपरात रोज येतो.

अडकित्ता:
पेपरात येतो तो हिंदीतून. त्यांची ‘अनुसूचित जनजाति’ ती आपली अनुसूचित जमात. शिवाय मराठीत ‘जाती’ हे ‘जात’चं अनेकवचन. एकच असली तर ‘जनजात’ म्हणणार का?

भरदुपारी:
आणि ‘जमात’ कुठून आलीय? अरबीतून. ती चालते, संस्कृत शब्द चालत नाही. धन्य.

अडकित्ता:
चालते, कारण घरात नांदलीय. अर्थात तिचा सूर बिघडलाय हे मान्य. ‘पुढाऱ्यांची जमातच तसली’ असं आपण सर्रास म्हणतो. नेवारांना तो सूर नको.

खिंडीतला:
तीन वर्षं नोकरीनिमित्त पोखऱ्यात होतो, म्हणून लिहितो. नेपाळीत ‘जात’ आणि ‘जाति’ वेगळे. जात म्हणजे आपल्याला कळते तीच. जाति म्हणजे भाषा, मूळ प्रदेश, चालीरीती यांनी बांधलेला समूह. बोलताना ही सीमा पुसट होते, म्हणून जनगणनेत चक्क ‘जात/जाति’ अशी तिरकी रेघ मारून काम भागवतात (2021 ला 142 नोंदल्या गेल्या). 1990 च्या संविधानात देशाला ‘बहुजातीय’ म्हटलं होतं. मराठी वाचक त्याचा अर्थ ‘पुष्कळ जाती असलेला’ असा लावणार, आणि मुद्दाच उलटा होणार.
का उलटा, तर 1854 च्या मुलुकी ऐनाने सगळ्यांना एका शिडीवर बसवलं. वर जानवेवाले ‘तागाधारी’, खाली ‘मतवाली’, म्हणजे दारू पिणारे. त्यातही गुलाम करता येणारे आणि न येणारे असे दोन भाग. मगर-गुरुंग दुसऱ्या भागात, तामांग पहिल्या. 1990 नंतर हे लोक ‘आम्ही जनजाति’ म्हणायला लागले ते ती शिडीच नाकारायला. तेव्हा ‘जात’ची सावली पडेल असा शब्द नको, एवढंच माझं म्हणणं. ‘लोकसमूह’ बघा.

पाटीपेन्सिल:
‘लोकसमूह’ फारच पुळचट वाटतो हो. मोर्चा काढायचा असेल तर घोषणेत बसणार नाही.

दहीपोहे:
अवांतर: नेपाळात घान्द्रुक गावी लॉजच्या वहीत रकाना होता, ‘नाम, थर’. नवऱ्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं, दहीहंडीचे की केकचे? थर म्हणजे आडनाव निघालं. लॉजवाल्या गुरुंग दीदी इतक्या हसल्या की चहाचे पैसे घ्यायला विसरल्या. (दिले आम्ही.)

कोकणातला:
‘मुलुकी ऐन’ वाचून मी थबकलो. मुलकी म्हणजे आमच्याकडे महसुलाचं. मुलकी पाटील वेगळा, पोलीस पाटील वेगळा. आणि ऐन म्हणजे झाड. हा काय प्रकार?

खिंडीतला:
मुलुक म्हणजे देश, त्यामुळे मुलुकी ऐन म्हणजे देशाचा कायदा. हा ऐन फारसी ‘आईन’मधला, आईन-ए-अकबरीतला. आपल्या ‘ऐन वेळी’तला ऐन अरबी, त्याचा याच्याशी संबंध नाही. मुलुकी ऐन तेव्हाचा पंतप्रधान जंगबहादूर राणाने केला. 1963 ला नव्याने लिहून अस्पृश्यता काढली. 2018 पासून त्या जागी नव्या संहिता आल्या.

तुळजाई:
काठमांडूच्या राजवाड्यातली तलेजु भवानी म्हणजे आपली तुळजाभवानीच. तलेजु, तुलजा, सरळ आहे. मल्ल राजांची कुलदेवता होती. शब्द असे प्रवास करतात.

अडकित्ता:
आली व्युत्पत्ती! ‘जु’ हा नेवारीतला आदरार्थी प्रत्यय आहे, आपल्या ‘जी’सारखा. तो काढला तर हातात ‘तले’ उरतं. आता जोडा तुळजापूर.

तुळजाई:
तिथले पुजारीच ‘तुलजा’ म्हणाले. ते देऊळ सगळ्यांना वर्षातून एकदाच, दशैंच्या (तिथल्या दसऱ्याच्या) नवमीला उघडतं. मी रांगेत चार तास उभी होते. तुम्ही?

खिंडीतला:
अडकित्ताराव, ‘नेवारी’ नका म्हणू. ते लोक तिला ‘नेपालभाषा’ म्हणतात, आणि त्यावरून रागावतातही.

अडकित्ता:
उद्या मराठीत मुंबईला काय म्हणायचं तेही काठमांडूहून विचारून घेऊ.

भरदुपारी:
उलट आहे. मुंबईला बॉम्बे म्हटलं की तुम्हीच चवताळता.

पाटीपेन्सिल:
मंडळी, अंक छपाईला जातोय. मी ‘जनजाति’ ऱ्हस्वच ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथे दोन ओळी घालते. मुद्रितशोधक दीर्घ करतील, मग मी भांडेन. कुणाला ‘लोकसमूह’पेक्षा बरं काही सुचलं तर रात्रीपर्यंत सांगा.

कोकणातला:
ते सांगतील जाणकार. पण ऐनाच्या झाडाचं राहिलंच. उन्हाळ्यात त्याच्या सालीला कोयता मारला की पाणी येतं, हे आजोबांनी दाखवलं होतं. नेपाळच्या तराईतही हे झाड असणार. तिथे त्याला काय म्हणतात?

दहीपोहे:
साज. पण तो वेगळा धागा काढा.