'गोल खाल्ला' म्हणजे नक्की कोणी खाल्ला?

पहाटेचा_ड्रायव्हर

मुलगा अकरा वर्षांचा. आम्ही टोरंटोजवळ मिसिसागात राहतो. तो आइस हॉकी खेळतो आणि आमच्या नशिबाने गोलमध्ये उभा राहतो. म्हणजे शनिवारी पाचला उठायचं, त्याच्याएवढीच बॅग डिकीत कोंबायची आणि उणे पंधरात गाडीची काच खरवडत बसायचं. परवा हरले, ५-२. घरी आल्यावर सोलापूरहून आजीचा व्हिडिओ कॉल.

"किती गोल खाल्लास रे?"

"पाच."

"अगंबाई, पाच?"

फोन ठेवल्यावर तो मला विचारतो, "बाबा, खाल्लास काय? मी काय ऑर्डर केले होते?"

आता हिशोब बघा. त्या दिवशी त्याच्यावर ३८ शॉट आले, त्याने ३३ अडवले. समोरच्या पोरावर आले ९, त्यातले २ आत गेले. म्हणजे आमच्याने शंभरातले जवळपास ८७ अडवले, त्याने ७८. तरी "खाल्ले" आमच्याने. आजीला हे समजावायला गेलो तर शब्दच सापडेनात. 'शॉट'ला फटका म्हणावं तर "त्याला ३८ फटके पडले" हे ऐकून आजी पोलिसांत जाईल. 'सेव्ह'ला बचाव म्हणायचं का? आणि मुळात 'गोलटेंडर'ला गोलरक्षकच म्हणायचं की आणखी काही?

जुनी_शाई

क्रीडापानावर मुद्रितशोधनात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून बोलतो. गोलरक्षक रुळलेला आहे, तो बदलू नका. फक्त एक 'ल' गळला की भलताच इसम मैदानात उतरतो आणि रात्री बारा वाजता ते डोळ्यांना दिसत नाही. 'गोलटेंडर' तसंच ठेवलंत तर मराठी माणूस विचारेल, भरायची शेवटची तारीख काय.

'बचाव' मात्र मला कायम खुपत आला. आपण 'बचाव' एकाच वेळी तीन गोष्टींना म्हणतो. गोलरक्षकाने एक फटका अडवला, तो बचाव. मागच्या फळीतले खेळाडू मिळून जे करतात, तेही बचाव. आणि आरोपीचा वकील करतो तोही. "भारताचा भक्कम बचाव" असं शीर्षक आलं की मी उपसंपादकाला विचारायचो, कोणाचा? गोलरक्षकाचा की त्याच्या पुढच्यांचा? उत्तर असायचं, "लाव रे, जागा भरायचीय."

'खाणे'वर मात्र तुम्ही अन्याय करताय. मराठीत मार खातात, शिव्या खातात, धक्के खातात, टक्केटोणपे खातात. यातलं काहीच कोणी मागवत नाही. हे खाणं म्हणजे सोसणं. दोष लावायचाच तर आपण 'सोडला' म्हणतो. झेल सोडला, गोल सोडला. 'गोल बसला' म्हटलं की तो संघाला बसला. 'गोल चढवला' म्हटलं की श्रेय समोरच्याला. आजी बिचारी "सोडलेस" म्हणाली नाही हे लक्षात घ्या.

पहाटेचा_ड्रायव्हर

हे पटलं, पण निम्मंच. "मार खाऊन आलास?" असं आई विचारते तेव्हा त्यात कीव कमी आणि "तू तिथे गेलासच कशाला" जास्त असतं.

बार्देसकार

'टेंड' म्हणजे सांभाळणं, देखरेख करणं, तिथेच थांबून राहणं. मूळ 'अटेंड'मधलं. याला मराठीत सरळ 'राखणे' आहे. शेत राखणं, गुरं राखणं. गुराखी तसाच बनलाय. रक्षक आणि राखणदार दोघांचं मूळ एकच, रक्ष्. एक संस्कृतात राहिला, दुसरा प्राकृतातून चालत घरी आला. रक्षक म्हटलं की गणवेशातला माणूस दिसतो. राखणारा रात्रभर मचाणावर एकटा बसतो आणि काही झालं नाही तर त्याचं नावही कोणी घेत नाही.

आमच्या गोव्यात गावाच्या वेशीवर राखणदार देव असतो. त्याला विडी, रोट, कुठे सोरो म्हणजे दारू ठेवतात. त्याच्या पावलांचा आवाज रात्री ऐकलेले लोक आहेत, पण त्याने गाव नेमका कितीदा वाचवला याची वही कोणाकडे नाही. गोलराख्या म्हणा. क्रिकेटमध्ये "चार गडी राखून" चालतं, मग इथे का नको?

दशांशचिन्ह

वही आहे. एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, सगळी वहीच आहे, आणि भांडण तिच्यावरूनच आहे.

जुनी_शाई यांनी 'बचाव'बद्दल जे म्हटलंय तो नुसता भाषेचा घोळ नाही. तोच घोळ खुद्द लीगने अर्धं शतक घातला. जॉर्ज वेझिना हा माँट्रियल कॅनेडियन्स संघाचा गोली, म्हणजे गोलरक्षक, १९२६ मध्ये क्षयाने गेला. त्याच्या नावाची ट्रॉफी १९२६-२७ च्या मोसमापासून सुरू झाली. ती मिळायची कोणाला, तर ज्या संघावर मोसमात सर्वांत कमी गोल झाले त्या संघाच्या गोलीला. म्हणजे पुढची फळी पोलादी असेल तर मागचा दाराला टेकून उभा राहिला तरी चाले. १९८१-८२ पासून हे तोडलं. कमी गोलांसाठी जेनिंग्ज ट्रॉफी वेगळी काढली, आणि वेझिना कोणाला द्यायची ते संघांचे जनरल मॅनेजर मतदानाने ठरवू लागले. एका 'बचावा'चे दोन शब्द केले म्हणा ना.

आकडेही असेच दोन. सरासरी गोल म्हणजे दर ६० मिनिटांना किती गोल झाले. हा आकडा संघाचा, गोलीच्या नावावर टाकलेला. दुसरा म्हणजे सेव्ह पर्सेंटेज, आलेल्या शॉटपैकी किती अडवले. नाव टक्क्याचं पण लिहितात .९१५ असं आणि वाचतात "नऊशे पंधरा". नावाजलेला गोली डॉमिनिक हाशेक, त्याचा कारकिर्दीचा .९२२. खांबाला लागून परत आलेला शॉट यात धरतच नाहीत, कारण तो आत जाणार नव्हता. रिकाम्या जाळीत गेलेला गोलही गोलीच्या खात्यात जात नाही.

पण यातही लांबच्या निळ्या रेषेवरून आलेला लोळणारा शॉट आणि दोन हातांवरून, तोही रिबाउंडवर (अडवून परत आलेल्यावर) मारलेला, दोघांची किंमत एकच धरली जाते. म्हणून हल्ली 'अपेक्षित गोल' काढतात. शॉट किती लांबून, कोणत्या कोनातून, आधीच्या शॉटनंतर किती सेकंदांनी आला, यावरून त्याची गोल होण्याची शक्यता ठरते. सगळ्या शक्यतांची बेरीज समजा ४ आली आणि गोल झाले ३, तर गोलीने एक वाचवला. तुमच्या चिरंजीवांच्या ३८ शॉटची अशी बेरीज कोणी केली तर आजीला पाठवा.

खडकीचा

आमच्या मैदानी हॉकीत सरळ 'गोली' म्हणतात. पोरं आरोळी देतात, "गोलीऽऽ, डावीकडे!" खरं तर आरोळी उलट दिशेने जायला पाहिजे. पूर्ण मैदान दिसणारा एकटा तोच. पेनल्टी कॉर्नरला कोण कुठून धावेल हे गोली ओरडून लावतो. २०२१ ला टोकियोत जर्मनीविरुद्ध ५-४ असताना शेवटच्या सेकंदांत भारताच्या श्रीजेशने अडवलेला पेनल्टी कॉर्नर सगळ्यांना आठवतो. त्याआधी पूर्ण सामना तो बोलत होता, ते कोणत्या वहीत लिहिलंय?

म्हणून तुमचं 'बचाव'चे दोन तुकडे करणं मला अर्धवट वाटतं. पुढच्यांचा बचावही निम्मा गोलीने बोलून केलेला असतो.

'पोलादी भिंत' तर बंदच करा. भिंत जागची हलत नाही. गोली पुढे सरकतो, कोन आवळतो. दोन पावलं पुढे आला की मारणाऱ्याला तीच जाळी खिडकीएवढी दिसते.

दशांशचिन्ह

खडकीचा, याचं उत्तम उदाहरण गोली मार्टिन ब्रोडोर, न्यू जर्सी डेव्हिल्स संघाचा. ६९१ विजय, १२५ सामन्यांत शून्य गोल, दोन्ही विक्रम. सेव्ह पर्सेंटेज मात्र .९१२, म्हणजे चांगलं पण डोळे दिपवणारं नाही. टीकाकार म्हणत, पुढे स्कॉट स्टीव्हन्ससारखे बचावपटू आणि संघाची मधली वाट अडवून धरणारी पद्धत, याला काम काय? पण हा माणूस जाळीमागे जाऊन पक (चेंडूऐवजी असते ती चकती) स्वतः उचलून आपल्या माणसाला द्यायचा. मारायची वेळच येऊ द्यायचा नाही. जो शॉट आलाच नाही तो अडवल्याचं श्रेय कुठल्या रकान्यात लिहिणार? शेवटी २००५ मध्ये लीगने जाळीमागे चौकोनासारखा पट्टा आखला आणि गोलरेषेमागे गोलीने पक खेळायचा तर तिथेच, असा नियम केला. लोक त्याला ब्रोडोरचाच नियम म्हणतात.

२००३ ची फायनल बघा. डेव्हिल्स विरुद्ध अॅनाहाइम, सात सामने. चार विजयांपैकी तिनात ब्रोडोरने गोल होऊ दिला नाही, सातवा ३-० ने जिंकून लीगचा स्टॅनले कप उचलला. आणि प्लेऑफच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान गेला हरलेल्या अॅनाहाइमच्या गोलीला, जिगेरला! त्याने फायनलआधी मिनेसोटाविरुद्धच्या चार सामन्यांत मिळून एक गोल दिला होता. कप संघाला, मान गोलीला. मला तो निकाल आजही बरोबर वाटतो. न्यू जर्सीत हे वाक्य मोठ्याने म्हणू नये.

जुनी_शाई

मग 'सेव्ह'ला 'थोपवणे' घ्या. 'अडवणूक' नको, ती रिक्षावाले आणि सरकारी खिडक्या करतात. "३८ पैकी ३३ थोपवले" हे कानाला बरं लागतं आणि बचाव मागच्या फळीला मोकळा राहतो.

बार्देसकार

आणि संघबांधणी? या शब्दाबद्दल कोणी बोललंच नाही. बांधणी म्हटलं की होडी आठवते, एकेक फळी. पण हे जे चालतं त्याला मोट बांधणं म्हणतात ना? राखणदार आधी आणायचा की वाडा आधी बांधायचा?

दशांशचिन्ह

मोटच, आणि दोर मोजून मिळतो. २००५-०६ पासून संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा आहे. गोलीला जास्त दिले की ते फळीतून कापावे लागतात. शिकागोने २०१० मध्ये अंटी निएमी या स्वस्तातल्या गोलीवर ४९ वर्षांनी कप आणला. त्याच उन्हाळ्यात लवादाने त्याचा पगार २७.५ लाख डॉलर ठरवला, तर तो परवडत नाही म्हणून त्याला सोडून दिलं. त्याच्या उलट फ्लोरिडाने २०१९ मध्ये गोली बोब्रोव्स्कीला सात वर्षांचे ७ कोटी डॉलर दिले. पहिल्याच मोसमात तो .९०० वर आला, लोक म्हणाले पैसे पाण्यात. पुढची फळी नीट जमली आणि २०२४, २०२५ असे दोन कप आले. तोच गोली, तोच पगार. आता सांगा, राखणदार आधी की वाडा?

माझं मत, वाडा आधी. पण वाडा बांधून होईपर्यंत राखणदार निवृत्त होतो, ही अडचण आहेच.

खडकीचा

वाडा बांधून झाल्यावर राखणदाराला बोलायची परवानगी द्या म्हणजे झालं.

पहाटेचा_ड्रायव्हर

या शनिवारचा वृत्तान्त. ३-२ ने जिंकले. ११ शॉट, ९ अडवले. म्हणजे शंभरात ८२. मागच्या वेळेपेक्षा कमीच, आणि दुसरा गोल तर साफ पायांमधून गेला, हे तो स्वतःच गाडीत म्हणाला. आजी खूश. "दोनच खाल्लास? गुणाचं गं माझं बाळ!" पोराला मी आठवडाभर जुनी_शाईंचा शब्द घोकवला होता. तो स्क्रीनजवळ तोंड नेऊन म्हणाला, "आजी, मी नऊ थोपवले."

आजी कानाला हात लावून म्हणते, "नऊ थापल्यास? एकट्याने? आणि तुझी आई काय करत होती, भाकरी तिने थापायला नकोत?"