दोन वेगळ्या स्पीकर जोड्या एकाच ॲम्पला लावाव्यात का? (बजेट ३,०००)

शहापूरकर: नमस्कार मंडळी. बाबांच्या काळचे मोठे लाकडी स्पीकर आहेत, मागे ८ ओम लिहिलंय. भावाने पुणं सोडताना त्याचे छोटे ६ ओमचे आणून टाकलेत. स्टीरिओ ॲम्पला ए आणि बी अशी दोन्ही टर्मिनलं आहेत. मोठे सोप्यात, छोटे माजघरात. नाहीतर चारही सोप्यातच. ऐकणं शास्त्रीय, जास्त करून कुमार गंधर्व आणि मल्लिकार्जुन मन्सूर. एकदम वाजवले तर चालतील का? वायर धरून ३,००० च्या आत.

टिळकवाडी_हायफाय: दोन्ही विका. ४०-४५ हजारात चांगली उभी जोडी येते. मी तेच केलं. घरी येणारा प्रत्येकजण विचारतो, कुठून घेतलीत म्हणून.

शहापूरकर: सर, ३,००० म्हटलंय.

टिळकवाडी_हायफाय: घ्यायचं तर एकदाच.

अनगोळ_साऊंड: लई विचार करालाय. गणपतीत आम्ही एका ॲम्पवर आठ पेट्या वाजवतो. काय होत नाही.

चिकोडी_वायरमन: भावा, तुमचा मंडळाचा ॲम्प २ ओमवर चालायला बनवलेला, पाठीला पंखा. घरातला तसा नसतो. शहापूरकर, टर्मिनलजवळ बारीक अक्षरात काय छापलंय ते टाका. ए आणि बी एकदम दाबलं की बहुतेक ॲम्पमध्ये दोन्ही जोड्या पॅरलल (समांतर) होतात, आणि ओम जितके कमी तितका ॲम्पवर ताण जास्त. ८ आणि ६ पॅरलल म्हणजे ४८ भागिले १४, साधारण ३.४ ओम. तेही नावाला; गाणं चालू असताना त्याच्याही खाली जातं.

निपाणीकर: माझा असाच गेला. बहिणीच्या लग्नात चार स्पीकर जोडले, आउटपुट ट्रान्झिस्टर उडाले. दुरुस्तीवाल्याने पावसाळाभर ठेवून घेतला आणि नॉब दुसऱ्याच कुठल्यातरी ॲम्पचा बसवून दिला. अजून तोच आहे.

शहापूरकर: छापलंय असं: ए किंवा बी, ४ ते १६ ओम. ए + बी, ८ ते १६ ओम.

चिकोडी_वायरमन: झालं की मग. एकदम वाजवायचे तर प्रत्येक स्पीकर ८ चा तरी पाहिजे. तुमचे छोटे बसत नाहीत.

गोकाकवाला: सिरीजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ एक, जोडा. ८ + ६ = १४. ॲम्प थंडगार. मी तसंच चालवतो.

चिकोडी_वायरमन: ॲम्प वाचेल, गाणं नाही. स्पीकरचे ओम सुरागणिक बदलतात. दोन वेगळे स्पीकर सिरीजमध्ये घातले की एकाचे ओम चढले-उतरले की दुसऱ्याचं व्होल्टेज हलतं. अगदी एकसारखे असतील तर ठीक.

गोकाकवाला: मला तर काय फरक कळत नाही.

निपाणीकर: रोज गोकाकचा धबधबा ऐकून कसा कळणार?

खानापूर_पाऊस: तुम्ही ओमवर भांडा. आमच्याकडं खरा वैरी ओल. जुन्या स्पीकरच्या कोनाभोवतीची कडा बोटाने हलकेच दाबून बघा. फोमची असली आणि भुगा हाताला लागला तर पुढचं सगळं फुकट. माझ्या दोन्ही गेल्या. रबराची टिकते.

वडगाव_मास्तर: वायरमन यांचं बरोबर. एकाच खोलीत चारही लावले तर जास्त सेन्सिटिव्हिटीवाली, म्हणजे तेवढ्याच वॅटला जास्त आवाज देणारी, जोडी दुसरीला गिळते. ३ डेसिबलचा फरक असला तर मागे पडलेल्या जोडीला दुप्पट वॅट लागतात. त्यात एकच सूर चार ठिकाणांहून मागेपुढे पोचला की काही भाग फुगतो, काही पडतो. तंबोऱ्यात हे लगेच ऐकू येतं. एका पेटीची लाल-काळी वायर उलटी झाली तर खर्ज गायब. खुणा पुसल्या असतील तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. कोन बाहेर आला तर प्लसला लागलेलं टोक लाल.
खरा उपाय: ॲम्पला रेक-आउट (रेकॉर्डिंगसाठीचं आउटपुट) असेल तर तिथून छोटा, कमी तापणारा क्लास-डी ॲम्प, तुमच्या बजेटात येतो. छोटे स्पीकर त्याच्यावर, माजघरात. आवाजही वेगळा कमी-जास्त होईल.

टिळकवाडी_हायफाय: क्लास-डीवर कुमार? कठीण आहे.

अनगोळ_साऊंड: कुमार आमचेच, बेळगावजवळच्या सुळेभावीचे.

निपाणीकर: जन्म सुळेभावीचा. गाणं पिकलं देवासला.

अनगोळ_साऊंड: बी इथलंच की हो.

वडगाव_मास्तर: धागा स्पीकरचा आहे.

हुक्केरी_नवा: माझंही तेच मत. कडा तपासा, लाल-काळी बघा, एकदम वाजवू नका. बजेट किती आहे?

शहापूरकर: सगळ्यांचे आभार. कडा रबराच्या निघाल्या, शाबूत आहेत. रेक-आउट आहे, पण माजघरात आणखी एक डबा आईला नको. शेवटी चारही सोप्यातच लावले, ए + बी. नॉब घड्याळातल्या ९ च्या पुढे न्यायचा नाही असं ठरलंय. तंबोरा थोडा पसरट होतो, मास्तर म्हणाले तसा. बाबांना मात्र भरलेलं वाटतंय, आणि ऐकणारे तेच आहेत. २.५ चौरस मिमीची वायर घेतली, पैसे उरले.

चिकोडी_वायरमन: तुमची मर्जी. अधूनमधून ॲम्पवर हात ठेवून बघा, चटका बसला की बी बंद. आणि वर विणलेला रुमाल-बिमाल घालू नका, जाळी मोकळी पाहिजे.

शहापूरकर: रुमाल आहे. आईशी बोलतो.