पालुपद, ध्रुपद, झील आणि री

सातारकर : कुणी एकच रडगाणं परत परत गायलं की आपण म्हणतो, ‘झालं याचं पालुपद सुरू!’ कवितेत मात्र त्याच पालुपदाची वाट बघत बसतो. बोलण्यात हा शब्द एवढा बदनाम का? आणि पालुपद, ध्रुपद, झील हे सगळं एकच का?

सांगलीकर : काम एकच, बिऱ्हाडं वेगळी. ‘ध्रुवपद’ म्हणजे न हलणारं पद, त्याचं झालं ध्रुपद. कीर्तनात बुवांच्या मागचे टाळकरी ‘ध्रुपद धरतात’. तमाशात शाहिराची ओळ मागून उंच सुरात उचलतात ते झीलकरी. आमच्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव घ्या. त्यांची लावणी झिलीशिवाय नुसती वाचली तर अर्धीच कळते.

गाथा उघडलीत तर एक गंमत दिसेल. ‘सुंदर ते ध्यान’मध्ये ॥ध्रु.॥ ही खूण पहिल्या ओळीला नाही, ‘तुळसी हार गळां’च्या कडव्याला आहे. मैफलीतला गवई ‘सुंदर ते ध्यान’वर परततो, टाळकरी दुसरं कडवं धरतात. मला टाळकऱ्यांचं पटतं.

बदनामीचं म्हणाल, तर बोलण्यातल्या पालुपदाला मध्ये कडवंच नसतं! ‘पराधीन आहे जगतीं’ ही माडगूळकरांची ओळ दर वेळी तीच असते, पण मधलं कडवं ऐकून आपण तिच्याकडे येतो तेव्हा ती जड झालेली असते. ‘री ओढणे’चं तेच. गाण्यात मागच्याने सूर लांबवायला छातीत दम लागतो, सभेत री ओढायला नुसती मान हलवली की झालं.

सातारकर : आमच्या समर्थांना विसरलात. मनाच्या २०५ श्लोकांत ॥ध्रु.॥ कुठे नाही, पण ‘जगीं धन्य तो दास सर्वोत्तमाचा’ हा चरण लागोपाठच्या कितीतरी श्लोकांना शेवटी येतो. ते पालुपदच की! नव्या कवींनी मात्र यमकाबरोबर तेही टाकलं.

सांगलीकर : टाकलं नाही हो, वाकवलं. मर्ढेकर तर तुमच्याकडचे, आडनावच मर्ढे गावावरून. ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ अशी सुरुवात आणि शेवटी ‘पिपांत उंदिर न्हाले’. ओळ परत आली, पण क्रियापद बदलून आली, आणि तेवढ्यानं अंगावर काटा येतो. याला पालुपद म्हणू नये असं व्याकरणवाले म्हणतील. म्हणोत. आजच्या मुक्तछंदातही एखादी ओळ अशी थोडी मोडून परतते तेव्हा मी कान टवकारतो.

सातारकर : मग लिहायचं कसं, ध्रुपद की धृपद?

सांगलीकर : छापलेलं दोन्ही सापडतं. मूळ ‘ध्रुव’ असल्यामुळे मी ध्रुपद लिहितो. गप्पांत मात्र पालुपदच; ‘त्याचं ध्रुपद सुरू झालं’ असं कुणी म्हणत नाही.