वणव्यात डोंगर जळाला, जूनमध्ये झाडं लावू का थांबू?

माळावरचा
नमस्कार मंडळी. आमचं गाव भोर तालुक्यात, मी असतो पुण्यात पण घर शेत तिकडंच. यंदा मार्चच्या शेवटी गावामागच्या डोंगराला वणवा लागला, कुणीतरी बांधावरचं गवत पेटवलं आणि वाऱ्यानं आग वर चढली असं म्हणतात. दोन रात्री जळत होतं. आम्ही पंधरावीस जण ओले डहाळे घेऊन झोडपत होतो पण कड्यापर्यंत पोचताच आलं नाही. सगळ्यात जास्त जीवाला लागलं ते म्हणजे देवराईची खालची कड पण गेली, आजीच्या आठवणीतली जांभळं, अंजनी आहेत तिथं.

परवा जाऊन आलो. सगळं काळंठिक्कर, आणि तरी पळसाच्या बुडातून, टेंभुर्णीच्या मुळातून लालसर कोवळी पालवी वर आलेली! पावसाचा पत्ता नाही मग पाणी कुठनं आणतात ही झाडं? गावातली पोरं म्हणतायत जूनमध्ये हजार रोपं लावू, जेसीबीनं खड्डे घेऊ. काका म्हणतात काही करू नका, एका पावसात डोंगर हिरवा होतो, दरवर्षी होतोच. कुणाचं खरं? आणि जळलेली झाडं तोडायची का?

ऐन_किंजळ
वाचून वाईट वाटलं. आधी तोडण्याचं सांगतो, एकही झाड तोडू नका. नखानं किंवा चाकूच्या टोकानं साल जराशी खरवडून बघा, आत हिरवं ओलं लागलं तर झाड जिवंत आहे, आणि बुंध्याच्या चारही बाजूंनी बघा कारण वणवा चढाकडच्या बाजूला जास्त वेळ रेंगाळतो, तिथं पाचोळा साठलेला असतो ना. वरून मेलेलं दिसलं तरी पावसाळा संपेपर्यंत थांबा, बरीच झाडं बुडातून फुटतात.

पाण्याचं म्हणाल तर ते मुळात आहे. आपल्या पानझडी झाडांची मुळं खोल जातात आणि वर्षाची शिदोरी तिथंच असते, म्हणून तर पळस ऐन उन्हाळ्यात फुलतो. गवताची आग झपाट्यानं पुढं जाते, जमीन वरची बोटभर तापते, चार बोटं खाली फारसा फरक पडत नाही. त्यामुळं कंदवाले तर सगळे सुखरूप असतात, कळलावी, रानहळद, शेवळं, वळवाचा एक पाऊस झाला की डोकं वर काढतील बघा. झाडांत पण ज्यांची साल जाड ती तगतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी असते, कुंभ्याची तर इतकी जाड आणि तंतूंची की पूर्वी तोड्याच्या बंदुकीची वात त्याचीच करायचे.

आता काकांचं. डोंगर हिरवा होईल हे खरंय, पण हिरवं काय होतंय ते बघायला पाहिजे. कुसळी गवताचं बी बघितलंय का, पायजम्यात घुसतं ते? त्याची शेपटी दमट हवेत पिळा सोडते, सुकली की परत पीळ घेते आणि असं करत बी स्क्रूसारखं मातीत जातं. आग वरून निघून जाते, बी खाली सेफ. म्हणून दरवर्षी जाळलेल्या डोंगरावर कुसळी वाढते आणि गुरांना आवडणारं मऊ गवत कमी होत जातं, मग लोक म्हणतात चारा चांगला येईना म्हणून अजून जाळा. शिवाय रानमोडी आणि घाणेरी ही बाहेरून आलेली झुडपं. रानमोडीचं बी वाऱ्यावर येतं, मोकळी जमीन मिळाली की पसरते आणि उन्हाळ्यात वाळून तीच पुढच्या वणव्याचं जळण होते. पोरांना कामच करायचंय तर खड्ड्यांपेक्षा पहिल्या पावसानंतर रानमोडी मुळासकट उपटायला लावा, ओल्या मातीत सहज निघते.

जेसीबी अजिबात नको. मुळं जमिनीत जिवंत आहेत, ती तुटतील, आणि उघड्या उतारावरची माती राखेसकट पहिल्याच पावसात ओढ्यात जाईल.

मोहफूल
गडचिरोलीकडची आहे मी. आमच्याकडं मार्च एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि तेंदूला नवी पालवी चांगली येते म्हणून पण पेटवतात. तेंदू फुटतो खरा, त्याची मुळंच तशी. पण मी मोहाची पिल्लं बघते, पिल्लं म्हणजे बियापासून आलेली हातभर रोपटी, ती दिसतच नाहीत जिथं दरवर्षी आग लागते तिथं. म्हातारे मोह उभे आहेत आणि खाली वारस नाही. हे फार वाईट आहे, कारण रान भरल्यासारखं दिसतं आणि कुणाला कळत नाही.

सागाचं रोपटं वरून जळतं, खाली मूळ मात्र जाड होत जातं, पुढच्या पावसात परत फुटतं, परत जळतं. मधे काही वर्षं आग लागली नाही तर तेच मूळ एकदम दांडगं खोड वर काढतं. तुमच्या डोंगरावर पण अशी मुळं असणार, त्यांना फक्त वेळ पाहिजे. जाळी अंथरून मोहफुलं गोळा केली तर पेटवायची गरजच पडत नाही, काही गावांत करतात तसं.

सिडनीकर
इथं ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या वणव्यानंतर आम्ही सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स डोंगरांत गेलो होतो, काळ्या युकॅलिप्टसच्या खोडावर वरपासून खालपर्यंत हिरवी लव फुटल्यासारखी पालवी, सालीखाली झोपलेले कोंब असतात ते आगीनंतर जागे होतात. बँक्सिया नावाच्या इथल्या झाडाची फळं आगीच्या उष्णतेनं उघडून बी सांडतात. धुरातल्या कॅरिकिन नावाच्या द्रव्यामुळं काही बिया रुजतात हे २००४ मध्ये इथल्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं. गुलाबी फ्लॅनेल फ्लॉवर तर आगीनंतरच्या वर्षी डोंगरभर फुललं होतं. पण हे वाचून आपल्याकडं कुणी "आग रानाला लागतेच" असं म्हणू नये, ती झाडं लाखो वर्षं आगीबरोबर वाढलीत. आणि इथं पण आल्पाइन ॲश नावाचं झाड आगीत मरतं, फक्त बियांवर येतं, नव्या झाडाला बी धरायला साधारण वीस वर्षं लागतात. त्याआधी परत आग आली की तिथं जंगल येतच नाही, हेलिकॉप्टरनं बी टाकावं लागतं.

ऐन_किंजळ
तेच. देवराईची कड म्हणून वेगळी धरा. सदाहरित झाडांची रोपटी पातळ सालीची, सावलीतली, ती गेली असणार. जांभळाची बी मातीत टिकत नाही, पडल्यावर लगेच रुजली तर रुजली. तेव्हा लावायचंच असेल तर फक्त तिथं, जूनमध्ये देवराईतल्याच जांभळाखालचं ताजं बी उचलून कडेला पाचोळ्याखाली टोचा. बाहेरची गिरिपुष्प, सुबाभूळ वगैरे आणू नका.

माळावरचा
खूप खूप आभार सगळ्यांचे. आज परत जाऊन चाकूनं बघितलं, कडेच्या ११ जांभळांपैकी ७ आत हिरवी आहेत, चार चढाच्या बाजूनं पार सुकलीत. अंजनी दोन बुडातून फुटतायत. पोरांना हे सगळं वाचून दाखवलं, जेसीबी कॅन्सल. डिसेंबरात देवराईभोवती जाळरेषा, म्हणजे आग अडवायची मोकळी पट्टी, काढायची ठरलीय, तीन मीटर रुंद गवत कापून बाहेर न्यायचं. तीन मीटर पुरेल का, आमचा उतार बराच खडा आहे?

ऐन_किंजळ
खड्या चढावर कमी पडेल, खालच्या अंगाला दुप्पट तरी घ्या. आणि जानेवारी संपायच्या आत उरका, फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचे दिवस सुरू होतात. वनरक्षकांना आधी सांगून ठेवा, हद्द त्यांची असेल तर परवानगी लागेल.