दिदास्कालोस : मंडळीतलं पद की नुसतं काम?

पोथीवाचक
नव्या करारातला 'दिदास्कालोस' हा ग्रीक शब्द आला की आपण 'शिक्षक' म्हणतो आणि पुढे सरकतो. माझं म्हणणं, पहिल्या दोन शतकांत हे मंडळीतलं (चर्चमधलं) स्वतंत्र, मान्यता असलेलं पद होतं. बिशपने ते नंतर गिळलं.

शुभवर्तमानं आधी बाजूला काढा. तिथे हा शब्द बहुतेक वेळा येशूला मारलेली हाक म्हणून येतो. योहान १:३८ मध्ये तर तो 'रब्बी'चा अर्थ म्हणूनच दिलाय. मंडळीची रचना त्यावरून कळत नाही. (मराठी बायबलात तिथे 'गुरुजी' आणि पत्रांत 'शिक्षक', त्यामुळे मूळ शब्द एकच आहे हे ध्यानातच येत नाही.)

पुरावा आहे १ करिंथ १२:२८ मध्ये. पहिले प्रेषित, दुसरे संदेष्टे, तिसरे शिक्षक असा क्रम लावून पौल माणसं मोजतो. तिथून पुढे मात्र व्यक्ती सोडून चमत्कार, रोग बरे करण्याची दानं अशा गोष्टींवर जातो. हा सांधा मला निर्णायक वाटतो. प्रे. कृत्ये १३:१ मध्ये अंत्युखियाच्या मंडळीत 'संदेष्टे व शिक्षक' म्हणून पाच नावं आहेत: बर्णबा, शिमोन निगर, लूक्य, मनाएन, शौल. दिदाखे या आरंभीच्या ख्रिस्ती नियमपुस्तिकेच्या १३व्या अध्यायात खरा शिक्षक कामकऱ्यासारखाच आपल्या अन्नाला पात्र ठरतो. नाव, क्रम, पोटापाण्याची सोय. पद म्हणायला आणखी काय हवं?

व्याकरणवेडा
नेमणूक हवी. आणि तीच तुमच्या एकाही उताऱ्यात नाही.

रोम १२:७ मध्ये पौल 'दिदास्कालोस' म्हणतच नाही, 'शिकवणारा' असं धातुसाधित वापरतो. गलती ६:६ मध्ये शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याला आपल्या चांगल्या गोष्टींत वाटेकरी करावं असं आहे, म्हणजे पोटापाण्याची सोय झालीच, पण तिथेही 'कातेखोन' हे धातुसाधितच. १ करिंथ १४:२६ प्रमाणे सभेत कोणीही 'शिक्षण' घेऊन येऊ शकतो.

दिदाखे तर तुमच्या विरुद्ध साक्ष देते. ११व्या अध्यायात आलेल्या शिक्षकाची पारख एकाच गोष्टीवर होते: शिकवण जुळली तर स्वीकारा, भलतंच शिकवू लागला तर ऐकू नका. त्याला कोणी पाठवलं, कोणी निवडलं, ही चौकशीच नाही. हात वर करून निवडा असं १५व्या अध्यायात सांगितलंय ते बिशप आणि सेवकांबद्दल. पहिलं पीकसुद्धा १३:३ मध्ये संदेष्ट्यांना द्यायचंय, शिक्षकांना नव्हे.

नाईलकाठ
इफिस ४:११ कोणीच कसं काढलं नाही? 'पाळक व शिक्षक' या दोन नामांना ग्रीकमध्ये एकच उपपद (इंग्रजी 'the'सारखा शब्द) आहे. एका उपपदाने जोडलेली दोन नामं एकाच व्यक्तीची, या ग्रॅनव्हिल शार्पच्या नियमाने पाळक आणि शिक्षक एकच माणूस. वाद मिटला.

व्याकरणवेडा
@नाईलकाठ, निष्कर्ष माझ्या सोयीचा असला तरी घेता येत नाही. शार्पने नियम मांडला तो एकवचनी व्यक्तिवाचक नामांसाठी, आणि तोही विशेषनामं वगळून. इथे अनेकवचन आहे. मत्तय १६:१ मध्ये परूशी आणि सदूकी यांनाही एकच उपपद आहे. म्हणून ते एक होतात का? एकच उपपद दोन गट जवळचे आहेत एवढंच सांगतं. तसंच प्रे. कृत्ये १३:१ मधल्या 'ते' (te) या ग्रीक अव्ययावरून पहिले तिघे संदेष्टे आणि उरलेले दोघे शिक्षक अशी विभागणी काही जण करतात. तीही त्या अव्ययाला झेपणारी नाही.

पोथीवाचक
उपपदाबद्दल सहमत. दिदाखेबद्दल नाही. तुम्ही १५वा अध्याय अर्धाच वाचलात. बिशप आणि सेवक का निवडायचे? कारण तेही 'संदेष्टे आणि शिक्षक यांची सेवा' करतात, म्हणून त्यांना तुच्छ लेखू नका. निवडून आलेल्यांची पत वाढवायला ज्यांचा दाखला द्यावा लागतो ते शिक्षक बिनपदाचे? याकोब ३:१ मध्येही 'तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये' अशी ताकीद आहे. मान नसलेल्या कामासाठी एवढी रीघ लागत नाही.

व्याकरणवेडा
मान होता, पद नव्हतं. नेमणुकीचं पद असतं तर ताकीद नेमणाऱ्यांना दिली असती, सगळ्या मंडळीला नव्हे.

नाईलकाठ
उपपदाचा मुद्दा सोडला. पण पहिल्या शतकातच किती घोटाळणार? रोममध्ये जस्टिन हा ख्रिस्ती लेखक तत्त्वज्ञाचा झगा घालून बिऱ्हाडी शिकवायचा, येईल त्याला. इ. स. १६५च्या सुमारास त्याला मृत्युदंड झाला. त्याची शाळा बिशपच्या हाताखाली असल्याची खूण त्या खटल्याच्या वृत्तांतात नाही. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस अर्सिनोए भागात गेला, तेव्हा त्याने गावोगावचे वडील आणि शिक्षक बोलावले. दोन्ही शब्द त्याने वेगळे लिहिलेत. आणि हिप्पोलिटसच्या नावे चालणाऱ्या 'प्रेषितीय परंपरा' या मंडळीच्या नियमग्रंथात बाप्तिस्म्याचे उमेदवार तीन वर्षं ऐकतात, प्रार्थनेनंतर शिक्षक त्यांच्यावर हात ठेवून त्यांना निरोप देतो. तो शिक्षक दीक्षित (विधीने मंडळीच्या पदावर बसवलेला) असो वा सामान्य, हे तिथे स्पष्ट लिहिलंय.

पोथीवाचक
हाच धागा अलेक्झांड्रियाचा विद्वान ओरिजेन याच्यापर्यंत जातो. दीक्षा नसताना त्याने कैसरियात सभेत शास्त्र उलगडलं, तेव्हा अलेक्झांड्रियाचा बिशप डेमेट्रियस याची तक्रार होती की बिशपांसमोर सामान्याने प्रवचन करणं कधी ऐकलं नाही. यरुशलेम आणि कैसरियाच्या बिशपांनी उत्तरात दाखले दिले: लारांदात युएल्पिस, इकुन्यात पौलिनस, सिन्नादात थिओडोर. प्रथा जिवंत होती.

व्याकरणवेडा
ते उत्तर पूर्ण वाचा. युएल्पिसला निऑनने बोलावलं, पौलिनसला सेल्ससने, थिओडोरला अॅटिकसने. तिघेही बिशप. म्हणजे तुमचा 'स्वतंत्र' शिक्षक सभेत उभा राहतो तो बिशपच्या निमंत्रणावर. अलेक्झांड्रियातलं बाप्तिस्मापूर्व शिक्षणही ओरिजेनकडे सोपवलं ते याच डेमेट्रियसने, असं मंडळीचा इतिहासकार युसेबियस आपल्या इतिहासाच्या सहाव्या पुस्तकात सांगतो.

पोथीवाचक
सोपवलं हे खरं, पण युसेबियसचा क्रम बघा. छळामुळे शिकवायला कोणी उरलं नव्हतं, काही परराष्ट्रीय (ख्रिस्ती नसलेले) स्वतःहून ओरिजेनकडे ऐकायला आले. डेमेट्रियसची मान्यता त्यानंतरची.