मदत हवी आहे : मुंबई ते लंडन विमानात नक्की किती तास?

कृष्णाकाठ
जरा लवकर सांगा, उद्या सकाळी आईला डोळ्याच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. आई (वय ७१) एकटी लंडनला बहिणीकडे चालली आहे. तिकिटावर सकाळी १० ला निघून संध्याकाळी ६ ला पोचणार असं आहे, म्हणजे ८ तास. नेटवर कुठे साडेनऊ, कुठे दहा. तिचे काचबिंदूचे थेंब सकाळी ८ आणि रात्री ८ ला घालावेच लागतात. विमानात थेंबांची वेळ येते की नाही, एवढंच हवंय.

मंजू_पुणे
व्हिसा झाला का? आमच्या जाऊबाईंचा अगदी शेवटच्या आठवड्यात हातात आला होता.

हाउन्स्लोकर
कोणता महिना?

कृष्णाकाठ
व्हिसा झालाय. महिन्याचा काय संबंध?

हाउन्स्लोकर
आहे ना दादा. इथे लंडनला मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. हिवाळ्यात भारत साडेपाच तास पुढे, उन्हाळ्यात साडेचार. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, सरळ वजाबाकी करू नका.

कृष्णाकाठ
फेब्रुवारी.

नकाशावेडा
मग ८ अधिक साडेपाच, साडेतेरा तास झाले. मुंबई-हीथ्रो हवाई अंतर साधारण ७,२०० किमी, थेट विमानाला दहाएक तास लागतात. म्हणजे मधे थांबा असणार. तिकीट पुन्हा बघा.

कृष्णाकाठ
हो, दुबई. तिथल्या पावणेबाराला पोचतं, अडीचला पुढचं निघतं. तिकीट एकच आहे म्हणून लिहिलं नाही.

वसंतराव_सांगली
दुबईमार्गे कशाला? किती लांब पडतं! आणि पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, लंडन आपल्याकडे येत असतं. जाताना वेळ कमीच लागायला हवा.

नकाशावेडा
काका, हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे तसा फायदा मिळत नाही. फरक पडतो तो दहाएक किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त. म्हणून जाताना वेळ जास्त, येताना कमी. आणि मुंबई-दुबई १,९०० च्या आसपास, पुढे लंडन साधारण ५,५००. वाट फार वाकडी नाही, वेळ जातो तो थांब्यात.

वसंतराव_सांगली
मी १९९१ साली थेट गेलो होतो. वयस्कर माणसाला थेटच बरं, हे माझं मत कायम आहे.

मंजू_पुणे
मेतकूट, भाजणी खुशाल द्या, पण लोणचं हातातल्या बॅगेत नको, सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात. मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून.

हाउन्स्लोकर
थेंबांचं राहिलंच. रात्रीचे ८ म्हणजे दुबईचे साडेसहा. अडीचला निघालेल्या विमानात चार तास झालेले असतील, तेव्हा थेंब विमानातच घालायचे. बाटली मोठ्या बॅगेत टाकू नका, पर्समध्ये, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. पण दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ८ म्हणजे इथे पहाटेचे अडीच. वेळ कशी सरकवायची ते उद्या डॉक्टरांनाच विचारा, इथे कुणाचं ऐकू नका. आणि व्हीलचेअर मागितली का? काकूंना चालता येत असलं तरी मागा. दुबईत दुसऱ्या गेटपर्यंत बरंच चालावं लागतं, व्हीलचेअर असली की माणूस सोबत येतो. निदान ४८ तास आधी कळवा.

कृष्णाकाठ
व्हीलचेअर नको म्हणत होती, आजारी दिसते म्हणून. सोबत माणूस येतो म्हटल्यावर तयार झाली. आत्ताच फोन करून सांगितलं. पहाटे अडीचचं डॉक्टरांना विचारतो. बाबांचं किल्लीचं घड्याळ ती भारताच्या वेळेवर ठेवून उजव्या हातात घालणार आहे, डाव्या हातातलं तिकडच्या वेळेवर. बाटलीवर मी ८ चा आकडा मोठा लिहून चिकटपट्टी लावली आहे.

मंजू_पुणे
बॅग किती किलोची चालते?